अनोळखी क्रमांक सात

नेवळखोलच्या शाळेत डबा आला त्याच आठवड्यात डोंगरातल्या ओढ्यात बांगडा सापडला.

नुसता बांगडा नव्हे, पेडवे आणि मोरीसुद्धा. समुद्र तिथून पन्नास किलोमीटरवर, ओढ्याचं पाणी जेमतेम घोट्यापर्यंत, आणि मोरी म्हणजे तर चक्क शार्क. सातवी-आठवीची बावीस मुलं पडद्यावरच्या यादीकडे बघत राहिली. विज्ञान शिकवणाऱ्या समिधा गवस बाईंनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, तरी मोरी काही जाईना.

शेवटी मागच्या बाकावरून तीर्था नाईक उठली. तिची आई बाजारात मासे विकायची. "बाई, काल बाजार होतो. आमच्या आवशीन व्हाळार मासे धुतल्यान."

वर्ग हसून हसून लोळला. समिधाने मात्र त्या हशाचाच धडा केला. पाण्यात जे सांडतं तेवढंच डबा वाचतो, तिने फळ्यावर लिहिलं. तो प्राणी तिथे राहतो की कुणाच्या पाटीतून आला, हे आपण शोधायचं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. समिधा स्वतः मात्र ते वाक्य पुढे विसरली, आणि तिथूनच ही सगळी गोष्ट घडली.

डबा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढंच यंत्र होतं. सरकारी कागदावर त्याचं नाव एवढं लांबलचक होतं की मुख्याध्यापकांनाही ते एका श्वासात घेता येत नसे. काम मात्र साधं होतं. कुठलाही प्राणी पाण्यात शिरला की स्वतःचं काहीतरी मागे ठेवून जातो: कातडीचा कण, खवल्यांवरचा बुळबुळीतपणा, लघवी, विष्ठा. त्या कणाकणात त्याच्या पेशी असतात आणि पेशीत डीएनए. बाटलीभर पाणी डब्यात ओतलं की आतली गाळणी ते कण अडवायची. मग डीएनएचे तुकडे एका अतिसूक्ष्म छिद्रातून सरकवले जायचे. प्रत्येक अक्षर सरकताना विजेचा प्रवाह किंचित बदलायचा आणि त्या बदलांवरून डबा मजकूर वाचायचा. तो मजकूर देशभरातल्या नोंदींशी जुळवला की तासाभरात यादी तयार. ज्याची नोंदच कुठे नाही त्याच्यापुढे 'अनोळखी' असं लिहून यायचं. त्या ओळी कुणी वाचत नसे.

डबे शाळांना वाटले गेले ते २०४१ साली, आणि पुढच्याच वर्षी नियम आला. राज्यातल्या प्रत्येक ओढ्याची यादी करायची आणि यादीवरून त्याला अ, ब किंवा क दर्जा द्यायचा. इतक्या ओढ्यांवर फिरायला सरकारकडे माणसं नव्हती, तेव्हा शाळांचं वाचनच अधिकृत धरायचं ठरलं. 'अ' दर्जाच्या ओढ्याला कुणी हात लावायचा नाही. दुर्मीळ प्राणी सापडला, किंवा जगात दुसरीकडे नसलेला सापडला, तर 'अ'. नाहीतर पाणी वापरायला मोकळं.

नेवळखोलच्या ओढ्याला गावात नुसतं व्हाळ म्हणतात. देवाच्या राईत त्याचा उगम आहे आणि वैशाखातही तो आटत नाही. घाटमाथ्यावर उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतीला नेमकं तेच पाणी हवं होतं. उगमावर टाकी बसवायची आणि पंपाने वर न्यायचं, असा आराखडा तयार होता. व्हाळ 'ब'मध्ये गेला की काम सुरू. मग गावाच्या पोफळी वाळणार आणि समिधाच्या वर्गाला प्राण्यांचे धडे भिंतीवरच्या चित्रांवरून शिकावे लागणार.

तसे ते आताही भिंतीवरूनच चालले होते म्हणा. डबा आल्यापासून मुलं ओढ्यावर दहा मिनिटं थांबत, बाटली भरत आणि परत येत. वर्गाच्या भिंतीवर त्रेसष्ट नावं लागली होती. समिधाला त्या यादीचा अभिमान होता. तिच्या आबांना नव्हता.

आबा म्हणजे भिकाजी गवस, वय वर्षं बाहत्तर, गावचे मानकरी. राईची राखण त्यांच्याकडे. आतल्या राईत त्यांच्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे, आणि आतलं वाळकं पानही बाहेर न्यायची रीत नव्हती. एकदा ते शाळेत आले, यादी वाचली आणि लेकीला म्हणाले, "नावां बरी गोळा केलंस गो. जनावरां खय बगलंस?"

समिधाने ते हसण्यावारी नेलं.

मार्गशीर्षात नेवळखोलला पाण्याचं माहेरपण असतं. व्हाळ खाली तीन किलोमीटरवर नदीला मिळतो, म्हणजे लेक सासरी जाते. वर्षातून एकदा तिला माहेरी आणायची. मानकरी नदीच्या कोंडीतून, त्या खोल डोहातून, कळशीभर पाणी आणतो, गाऱ्हाणं घालतो आणि राईच्या तोंडाशी उगमाच्या कुंडीत ओततो. सगळा गाव तिथे जमतो.

अधिकृत वाचनाला सरपंच, पोलीसपाटील आणि दोन पंचांच्या सह्या लागत. चार माणसं चार दिशांना असणारी. माहेरपणाच्या दिवशी ती आपसूक एका जागी सापडतील, असं मुख्याध्यापकांच्या डोक्यात आलं आणि समिधालाही ते पटलं. आबांनी कळशी उंच धरून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो आमचो व्हाळ राख रे म्हाराजा!" साऱ्या गावाने "व्हय म्हाराजा!" म्हटलं, कळशी कुंडीत रिकामी झाली आणि पाठोपाठ मुलांनी खाली तीन ठिकाणी तीन बाटल्या भरल्या. सह्या झाल्या. नारळाचा प्रसाद सगळ्यांना मिळाला.

तासाभराने यादीत पाणमांजर उमटलं.

शाळेत जो जल्लोष झाला तो निवडणुकीतही होत नाही. पाणमांजर दुर्मीळांच्या यादीत वरच्या क्रमांकावर. म्हणजे व्हाळ 'अ', टाकी गेली, पोफळी वाचल्या. सरपंचांनी पेढे वाटले. आबांनी पडद्यावरच्या त्या नावाला हात जोडले. "देवान धाडल्यान," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. लेकीच्या यंत्राबद्दल त्यांनी चांगला शब्द काढला तो पहिल्यांदाच.

आठ दिवसांनी तीर्था पुठ्ठ्याचा एक मासा काखोटीला मारून आली. यादीतला एकेक प्राणी खऱ्या मापात कापून रंगवायचा, असं काम समिधाने वर्गाला दिलं होतं. तीर्थाच्या वाट्याला खडस आला होता, हातभर लांबीचा, जाड खवल्यांचा.

"बाई, जरा व्हाळावर येता?"

शाळेमागेच व्हाळ. सगळ्यात खोल जागा बघून तीर्थाने तो मासा पाण्यात उभा धरला. निम्मा बुडाला. पाठ आणि वरचा पर उघडाच राहिला.

"ह्याची पाठ उन्हात भाजेल," ती म्हणाली. "आणि बाई, खालचो धबधबो तीन माणसां उंच आसा. त्यो चढलो कसो?"

समिधा उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच तिला बांगडा आठवला. खडस कोंडीत असतो. पाणमांजरही कोंडीतच असतं. लहानपणी तिने तिथल्या वाळूत त्याची पावलं पाहिली होती. आणि कोंडीतलं पाणी त्या दिवशी कळशीत बसून वर आलं होतं, बाटल्या भरण्याच्या जेमतेम पाच मिनिटं आधी.

दुपारी तिने एकटीने नवी बाटली भरून वाचली. पाणमांजर नाही. खडस नाही.

ती रिकाम्या वर्गात बसून राहिली. कुणाला कळणार होतं? कागदावर चार सह्या होत्या, वाचन नियमाप्रमाणे होतं, आणि खोटं तर कुणीच काही केलं नव्हतं. व्हाळ वाचवण्यासारखा होता हेही खरंच. गप्प बसलं तर सगळ्यांचं भलं. तिला मनापासून गप्प बसावंसं वाटलं. पण पुठ्ठ्याचा ओला मासा टेबलावर पडला होता आणि उद्या सकाळी तीर्था विचारणार होती.

संध्याकाळी आबा अंगणात सुपाऱ्या सोलत होते. तिने आधी त्यांनाच सांगायचं ठरवलं.

"आबा, पाणमांजर व्हाळातला नाय. कोंडीतला. तुमच्या कळशीतसून इला."

आबांचा हात थांबला. "म्हणजे माझी कळशी खोटी?"

"कळशी खरी, पाणी खरा. बाटली भरूची येळ चुकली. ती चूक माझी."

"मगे गप रव. कोणाक कळता?"

"तीर्थाक कळला."

"ल्हान चेडू ता. इसारतला."

"इसारला तर माझी नोकरी फुकट, आबा."

आबा उठले, सुपाऱ्यांची टोपली उचलली आणि आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं. सकाळचा चहा मात्र तिच्यासाठी झाकून ठेवलेला असे.

समिधाने पत्र लिहिलं. तालुक्याच्या जलनोंद अधिकारी प्रणिता कारंडे यांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"पाणमांजर वगळलं तर तुमचा ओढा 'ब'मध्ये जातो, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि तरी कळवलंत." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "नियमाप्रमाणे फेरवाचनाला तीन आठवडे मिळतात. त्यापेक्षा जास्त मला देता येणार नाहीत."

गावाने काय म्हणायचं ते म्हटलं. सरपंचांनी पेढ्यांची आठवण काढली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, सत्य थोडं सावकाश सांगितलं असतंत तरी ते काही नासलं नसतं." समिधाने सगळं ऐकून घेतलं. वर्गात गेल्यावर तिने जे झालं ते मुलांना जसंच्या तसं सांगितलं, स्वतःची चूकही सांगितली, आणि विचारलं, आता काय करायचं?

मग तीर्था म्हणाली, "कळशीतलं वजा करूया."

समिधा तिच्याकडे बघतच राहिली. प्रयोगशाळेत ज्याला नियंत्रण नमुना म्हणतात ते या पोरीने वजाबाकीत सांगितलं होतं. त्याच दिवशी मुलं कोंडीवर गेली, बाटली भरून आणली आणि दोन याद्या फळ्यावर शेजारीशेजारी लिहिल्या. कोंडीत जे जे आहे ते व्हाळाच्या यादीतून खोडायचं. पाणमांजर खोडलं, खडस खोडला. खोडता खोडता खाली अनोळखी ओळी आल्या. नऊ होत्या. त्यातल्या आठ कोंडीच्या पाण्यातही निघाल्या. उरली एक, अनोळखी क्रमांक सात. समिधाने एकटीने भरलेल्या बाटलीतही ती होती.

ती व्हाळाची स्वतःची होती. डब्याला एवढंच सांगता आलं की हा कुणीतरी खेकडा आहे आणि नोंदवलेल्या कुठल्याही खेकड्याशी तो पुरता जुळत नाही.

"यंत्राला नाव माहीत नाही, आणि आपल्याला तर तोंडही माहीत नाही," समिधा म्हणाली. "आता शोधायचं."

त्यानंतर नेवळखोलच्या शाळेत जे शिकणं झालं ते त्रेसष्ट नावांनी झालं नव्हतं. मुलं दगड उलटायला शिकली आणि, त्याहून अवघड, ते होते तसे परत ठेवायला शिकली. खेकड्याला मागून कसं धरायचं, मादीच्या पोटाखाली पिल्लं असली तर हात कसा आखडता घ्यायचा, दगडाला ओठांनी चिकटणारा मळ्या मासा प्रवाहात कसा तग धरतो, बेडूक पानाच्या कुठल्या बाजूला अंडी घालतो, हे त्यांनी पाण्यात पालथं पडून पाहिलं. त्यांच्यासोबत बाईही पालथ्या पडल्या. वयाच्या अडतिसाव्या वर्षी समिधाला कळलं की ज्या मळ्याबद्दल ती चौदा वर्षं शिकवत होती त्याचे डोळे सोनेरी असतात.

दोनशेच्या वर खेकडे धरले. प्रत्येकाच्या पाठीवरून ओला कापूस फिरवून त्याला सोडून द्यायचं आणि कापूस डब्यात. एकही सातव्या ओळीशी जुळेना. तीन आठवड्यांतले सोळा दिवस गेले.

आबा रोज यायचे. राईच्या तोंडाशी खडकावर बसायचे आणि काही न बोलता बघायचे. सोळाव्या दिवशी समिधा चिखलाने माखलेली, ढोपरं फुटलेली, एका धोंड्याखाली हात घालून पडली होती. तेव्हा खडकावरून आवाज आला.

"दगडाखालच्यो सगळ्यो कुर्ल्यो एकाच जातीच्यो. वेगळी होयी तर वर बगा."

समिधाने मान वर केली. "वर खय?"

"झाडार."

मुलं गोळा झाली. आबा पुढे बोलू लागले, लेकीकडे न बघता. आतल्या राईत जुन्या झाडांना ढोल्या आहेत, त्यात पावसाचं पाणी साठून राहतं. त्या पाण्यात ती राहते. काळी पाठ, शेंदरी पाय. तिला राखणकुर्ली म्हणतात, ती देवाची राखण करते. त्यांच्या बापाने त्यांना दाखवली होती, बापाला आजाने. तिसऱ्या कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

"आबा, माका कधी सांगलात नाय?"

"तू कधी इचारलंस? नावां सगळी डब्यातसून येयत होती."

समिधाने हात पुसले. "आमका दाखवशात?"

आबा बराच वेळ राईकडे बघत बसले. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत मोडायची म्हणजे सोपं नव्हतं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग ते उठले. "येवा. पायतणा हय काढा. आणि आतला पानसुदिक भायर न्हेवचा नाय."

"पण आजोबा, नमुनो तर न्हेवकच होयो," तीर्था घाबरत म्हणाली. "नायतर सरकार मानूचा नाय."

"कुर्ली भायर जावची नाय," आबा म्हणाले. "तुमचो डबो आत येवंदे. तेका खय पायतणा आसत?"

डबा आत गेला. बावीस मुलं आणि एक बाई अनवाणी त्याच्या मागून गेली. आत भरदुपारी संधिप्रकाश होता आणि पायाखाली पानांचा जाड, ओला थर. एका प्रचंड जांभळीपाशी आबा थांबले. छातीएवढ्या उंचीवर ढोली होती, तीत चहासारखं काळपट पाणी. आबांनी काठावर बोटाने हळूच टिचकी मारली. पाणी हललं. आधी एक शेंदरी पाय काठावर आला, मग दुसरा, आणि मग रुपयाएवढी काळीभोर पाठ वर आली आणि दोन डोळे त्यांच्याकडे बघू लागले.

कुणीही ओरडलं नाही. सोळा दिवसांत मुलं तेवढं शिकली होती.

समिधाने ढोलीतलं चमचाभर पाणी डब्यात घातलं. तो एक तास बावीस मुलं झाडाखाली बसून राहिली, आणि नेवळखोलच्या शाळेच्या इतिहासात इतकी शांतता कधी झाली नसेल. पडद्यावर एकच ओळ आली: अनोळखी. तीर्थाने ती सातव्या ओळीशी ताडून पाहिली. अक्षर न् अक्षर जुळलं. मग ती बाईंकडे वळली आणि तिला रडूच फुटलं. समिधाचीही अवस्था फारशी वेगळी नव्हती. ही कुर्ली कधीतरी उतरून व्हाळात येत असणार, आणि जाताना आपली ओळख पाण्यात ठेवून जात असणार.

वाचून झाल्यावर गाळणीवरून उतरलेलं पाणी आबांनी मागून घेतलं आणि पुन्हा ढोलीत सोडलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी कारंडे मॅडम आल्या. आधी त्यांनी कोंडीचं, व्हाळाचं आणि ढोलीचं अशी तिन्ही वाचनं आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा करून घेतली. मग राईच्या तोंडाशी बूट काढले आणि आबांच्या मागून आत गेल्या. बाहेर आल्यावर त्या खडकावर बसून पायातला काटा काढत म्हणाल्या, "शास्त्रीय नाव मिळायला वर्ष लागेल. तज्ज्ञ येतील, वाद घालतील. पण जगात दुसरीकडे नोंद नाही, एवढं मला आज पुरे आहे. तोवर इथे टाकी बसणार नाही. तसं लेखी देते."

बूट चढवता चढवता त्यांनी विचारलं, "बाई, ते पाणमांजराचं पत्र तुम्ही लिहिलं नसतंत तर?"

"तर व्हाळ 'अ'च झाला असता," समिधा म्हणाली. "आणि वरच्या वसाहतीतल्या एखाद्या हुशार माणसाने पुढच्या वर्षी पुठ्ठ्याचा मासा आणून पाण्यात धरला असता."

कारंडे मॅडम मोठ्याने हसल्या. आबा हसले नाहीत, पण घरी जाताना लेकीला म्हणाले, "काल चाय तशीच ठेवलंस. गार झाली." समिधाला तेवढ्यात सगळं भरून पावलं.

पुढच्या मार्गशीर्षात माहेरपणाला गाव जमला. आबांनी कोंडीची कळशी आणली होती. कुंडीपाशी ते उभे राहिले आणि गाऱ्हाणं घालू लागले. दरवर्षीचे शब्द झाले, आणि मग त्यांनी नवे जोडले: "ह्या व्हाळातल्या मळ्याक, बेडकाक, दगडाखालच्या कुर्लेक आणि झाडारच्या राखणकुर्लेक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बावीस मुलांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

आबांनी कळशी कलती केली आणि तशीच धरून थांबले. लोक बघत राहिले. ते मान वळवून तीर्थाला शोधत होते.

"चेडवा, बाटली भरलंस?"

"भरलंय, आजोबा."

"बूच घट्ट लाय."

तीर्थाने बूच आवळलं आणि बाटली वर धरून दाखवली. मगच आबांनी कळशी ओतली.